ध्रुवाचें रोजकाम

मराठी वाङ्मयांत प्रवासवर्णनांची उणीव आहे असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. काशीरामेश्वरापासून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत आमचे लोक जाऊन आले, आणि परत आल्यावर त्यांतील पुष्कळांनीं लेखणी हातीं धरली. परंतु प्रवास दोन प्रकारचा असतो. एक पाहण्यासाठीं केलेला आणि दुसरा मोजण्यासाठीं केलेला. पहिल्या प्रकारचा प्रवासी आज येथें तर उद्यां तेथें असतो. दुसऱ्या प्रकारचा प्रवासी एकाच ठिकाणीं महिनोन्महिने राहतो, तेंच उपकरण त्याच वेळीं पुनःपुन्हां वाचतो आणि वहींत आंकडे मांडतो. या दुसऱ्या प्रवासाचें वाङ्मय आमच्याकडे फार थोडें आहे, आणि तें इतकें थोडें कां असावें याचा विचार टीकाकारांनींहि फारसा केलेला दिसत नाहीं. प्रस्तुत लेखांत तो विचार एका टोकाच्या उदाहरणावरून, म्हणजे ध्रुवप्रदेशांतील शास्त्रीय कामावरून, करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हेंच उदाहरण घेण्यास एक निमित्त झालें. भंडारा जिल्ह्यांतील सानगडी येथें गेल्या हिवाळ्यांत वाचनाविषयीं चार शब्द बोलण्याचा प्रसंग आम्हांवर आला होता. बोलण्याच्या ओघांत दक्षिण ध्रुवावरील स्वाऱ्यांचा उल्लेख झाला. व्याख्यान संपल्यावर एका शाळकरी मुलीनें विचारलें, "पण सर, ते लोक तिथं दिवसभर करतात काय?" प्रश्न अगदीं साधा, परंतु उत्तरादाखल तिच्या हातीं कोणतें मराठी पुस्तक द्यावें, याचा विचार करूं लागलों तेव्हां अडचण ध्यानांत आली. ध्रुवावर कोण गेलें, केव्हां गेलें, कोण परत आलें नाहीं, थंडी किती होती, हें सांगणारें लिखाण पुष्कळ आठवलें. ते लोक दिवसभर करतात काय, हें सांगणारें आठवेना. कचेरींत ज्यास रोजकाम म्हणतात, म्हणजे त्या त्या दिवशीं काय केलें व काय घडलें याची जागच्या जागीं केलेली नोंद, तें आमच्या ध्रुवविषयक वाङ्मयांत नाहीं. आमच्या मतें ही उणीव केवळ माहितीची नसून गद्याची आहे.

मराठी सुशिक्षितांच्या मनांत ध्रुवप्रदेश प्रथम शिरला तो लोकमान्य टिळकांच्या बोटास धरून. 'दि आर्क्टिक होम इन दि वेदाज' हा त्यांचा ग्रंथ १८९८ च्या अखेरीस लिहून झाला व १९०३ च्या मार्चमध्यें प्रसिद्ध झाला. ग्रंथ इंग्रजींत असला तरी त्यांतील सिद्धान्त आमच्या घराघरांतून बोलला जाऊं लागला. वैदिक ऋचांतील दीर्घ उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस आणि तेवढीच लांब रात्र, या वर्णनांचा अर्थ ध्रुवाजवळ राहिलेल्या लोकांच्या अनुभवावांचून लागत नाहीं, हें टिळकांचें म्हणणें. तो सिद्धान्त आज विद्वानांस मान्य नाहीं. भाषाशास्त्र, पुराणवस्तुशास्त्र आणि अलीकडे प्राचीन अस्थींची आनुवंशिक तपासणी यांनीं दाखविलेला मार्ग ध्रुवाकडे जात नाहीं. तथापि वाङ्मयदृष्ट्या त्या ग्रंथाचा एक गुण आजहि मान्य केला पाहिजे. प्रत्यक्ष ध्रुवबिंदूवर आकाश कसें दिसेल आणि ध्रुवाच्या आसपासच्या प्रदेशांत कसें दिसेल, यांतील भेद टिळकांनीं इतक्या स्वच्छपणें मांडला आहे कीं, ज्योतिषाचा गंध नसलेल्या वाचकासहि तारे डोक्याभोंवतीं चाकासारखे फिरतांना दिसूं लागतात. वकिलानें साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी ते ऋचांची घेतात.

परंतु हा ध्रुव अनुमानानें गांठलेला आहे. तेथें सूर्य आहे, तारे आहेत, तीस तीस दिवसांची उषा आहे. पाय घसरण्याजोगा बर्फ मात्र नाहीं. अनुमानाच्या ग्रंथांत तो नसणें हा दोष नव्हे. दोष असलाच तर तो पुढील पिढ्यांचा. मूळ ग्रंथांतील तपासणीची शिस्त त्यांनीं बाजूस ठेविली आणि निष्कर्ष तेवढा अभिमानानें उराशीं धरला. ध्रुव हें आपलें जुनें घर आहे असें एकदां मानलें, म्हणजे तेथें जाऊन कांहीं पाहण्याची व मोजण्याची निकड उरत नाहीं.

दुसरा ध्रुव आला तो शाळेच्या पुस्तकांतून. कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचले. पण आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजींच तेथें पोंचून परत फिरले होते. परतीच्या वाटेवर स्कॉट व त्यांचे सोबती सर्वच्या सर्व मृत्यु पावले. या कथेंत करुण व वीर हे दोन्ही रस भरपूर असल्यामुळें ती धड्यास सोयीची पडली. धडा तंबूंतील मृत्यूपाशीं संपतो आणि वर्गांत थोडा वेळ शांतता पसरते. पण तंबूबाहेरच्या घसरगाडीवर काय होतें, हें बहुतेक धडे सांगत नाहींत. त्या गाडीवर सुमारें ३५ पौंड दगड होते.

ही गोष्ट किरकोळ नाहीं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत, म्हणजे अन्न कमी पडत असतां व एकेक माणूस खचत चालला असतां, बियर्डमोर हिमनदीच्या वरच्या टोंकास बकले पर्वताच्या पायथ्याशीं ही मंडळी थांबली. तेथील कड्यांत कोळशाचे थर होते आणि पानांचे ठसे उमटलेले दगड होते. शास्त्रज्ञ विल्सन यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं ते वेंचले, गाडीवर चढविले, आणि पुढें शक्ति संपत चालली तरी टाकून दिले नाहींत. नोव्हेंबरमध्यें शोधपथकास प्रेतांबरोबर हे दगडहि सांपडले. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनीं १९१४ सालीं त्यांवरील ठशांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील मुख्य वनस्पतीचें शास्त्रीय नांव ग्लॉसॉप्टेरिस इंडिका.

'इंडिका' हा शब्द वाचून मराठी वाचकानें, त्यांतहि वैदर्भीय वाचकानें, क्षणभर थांबलें पाहिजे. ग्लॉसॉप्टेरिसचीं जिभेच्या आकाराचीं पानें नागपूर-कामठीच्या आसपासच्या खडकांत विपुल आहेत. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मध्यें नागपुरास आले. धर्मप्रसाराच्या फेऱ्यांतून ते खडकहि फोडीत. त्यांनीं जमविलेल्या नागपूरच्या वनस्पति-जीवाश्मांवर बनबरी यांचा निबंध १८६१ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. १८६३ सालीं टाकळघाट येथील प्राचीन अवशेष पाहून परततांना पुराच्या नाल्यांत हिस्लॉप बुडून मेले. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय नागपुरांत सर्वांस ठाऊक आहे; ते प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम करणारे संशोधक होते आणि त्याच कामाच्या वाटेवर मेले, हें थोड्यांस ठाऊक असतें.

आतां या दोन मृत्यूंचा सांधा पाहावा. ज्या झाडाचें पान नागपूरजवळच्या दगडांत आहे, तेंच पान दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरील दगडांत सांपडतें. जड बियांचीं हीं झाडें महासागर ओलांडून गेलीं असें मानणें कठीण. तेव्हां ते भूभाग एके काळीं एकत्र असले पाहिजेत, असें अनुमान निघूं लागलें. त्या प्राचीन महाखंडास भूशास्त्रज्ञांनीं गोंडवन हें नांव दिलें, आणि तें ज्या गोंडांच्या प्रदेशावरून दिलें तो आमच्या मध्यभारताचा. भारत व अंटार्क्टिका हे भाग सुमारें १३ कोटी वर्षांपूर्वीं विलग होऊं लागले, असें आज मानितात. सानगडी ज्या तालुक्यांत आहे त्या साकोलीचें नांवहि भूशास्त्रांत एका खडकसमूहास मिळालेलें आहे, आणि ते खडक या पानांच्या खडकांहून कितीतरी जुने आहेत. सानगडीच्या किल्ल्याभोंवतीं फिरतांना पायाखालीं येणारा खडा आणि ध्रुवाजवळचा खडा हे एकाच ग्रंथाचीं दोन पानें ठरतात. स्कॉटची कथा शंभर वेळां सांगितली गेली. परंतु तींतील दगडांची कथा, जी सर्वांत अधिक आमची होती, ती मात्र सांगावयाची राहिली. वीररसाच्या हव्यासानें कथेंतील अर्थच गळून पडतो तो असा.

वीररस आणि रोजकाम यांचा सामना ज्या एका पुस्तकांत खऱ्या अर्थानें झाला आहे, तें म्हणजे त्याच स्वारींतील तरुण सभासद ॲप्सली चेरी-गॅरार्ड यांचें १९२२ सालीं प्रसिद्ध झालेलें 'दि वर्स्ट जर्नी इन दि वर्ल्ड'. नांवांतील तो भयंकर प्रवास म्हणजे ध्रुवाकडची वाट नव्हे. १९११ च्या जून अखेरीपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत, ध्रुवीय हिवाळ्याच्या अखंड काळोखांत, विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे केप क्रोझियर येथें गेले व परत आले, तो हा प्रवास. हेतु एवढाच कीं, सम्राट पेंग्विन या पक्ष्याचीं अंडीं आणावयाचीं. हा पक्षी ऐन हिवाळ्यांत अंडें घालतो. तो पक्ष्यांमध्यें अतिप्राचीन आहे अशी तेव्हां समजूत होती. त्याच्या भ्रूणाच्या वाढींत सरपटणाऱ्या प्राण्यांशीं असलेलें नातें दिसेल, अशी विल्सन यांस आशा होती.

उष्णतामान शून्याखालीं ६० अंश सेल्सियसपर्यंत उतरलें. घामानें ओले झालेले कपडे बाहेर पाऊल टाकतांच गोठून पत्र्यासारखे ताठ होत. वादळांत तंबू उडून गेला, आणि तो पुन्हां सांपडला नसता तर तिघेहि तेथेंच संपले असते. पांच अंडीं हातीं लागलीं. त्यांतील दोन फुटलीं. तीन घेऊन ते परतले. पुढें विल्सन व बॉवर्स हे स्कॉटबरोबर गेले आणि त्याच्याच तंबूंत मेले. उरलेल्या चेरी-गॅरार्ड यांनीं १९१३ मध्यें तीं अंडीं लंडनच्या पदार्थसंग्रहालयांत नेऊन दिलीं, तेव्हां तेथील अधिकाऱ्यांनीं त्यांस धड विचारलेंहि नाहीं. पोंचपावतीसाठीं ताटकळत ठेविलें. आणि १९३४ सालीं जेव्हां भ्रूणांच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांतून विशेष असें कांहींच निघालें नाहीं.

या पुस्तकाचें मोठेपण कशांत आहे? हालअपेष्टांच्या वर्णनांत तें आहे असें पुष्कळ समजतात. आमच्या मतें तें लेखकाच्या हिशेबीपणांत आहे. तो आपले हाल वाढवून सांगत नाहीं, आणि संग्रहालयांतील अपमान लपवीतहि नाहीं. ज्या कामासाठीं दोन जिवलग मित्रांसह आपण मरणाच्या दारापर्यंत जाऊन आलों, त्या कामाची किंमत जगानें किती केली, हें तो कोरड्या विनोदानें सांगतो. तरीहि काम करावयास नको होतें असें म्हणत नाहीं. खोट्या ठरलेल्या कल्पनेचा खरेपणानें केलेला तपास वायां जात नाहीं. ती कल्पना खोटी आहे हें ज्ञान त्यांतूनच मिळतें. तथापि या पुस्तकांतहि एक उणेपणा आहे. त्याचें केंद्र अखेर यातना हेंच राहतें. ओळ दर ओळ थंडी आहे, पण अंड्याकडे लेखक फार वेळ पाहत नाहीं. काम हें निमित्त आणि सोसणें हा विषय, ही जुनी मांडणी तो हलवितो, पण मोडीत नाहीं.

ती मांडणी मोडण्यास किती साधी गोष्ट पुरते, हें दुसऱ्या एका उदाहरणानें दिसेल. अंटार्क्टिकांतील हॅली या ब्रिटिश ठाण्यावर १९५७ सालच्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या सुमारास वातावरणांतील ओझोन मोजण्यास आरंभ झाला. दरवर्षीं माणसें बदलत, उपकरण तेंच राही, मोजणें तेंच राही. त्यांत कथा नव्हती, मरण नव्हतें, निशाण रोवणें नव्हतें. असल्या कंटाळवाण्या मोजणीवर खर्च कशास, असा प्रश्न कोणासहि पडला असता. आणि १९८५ च्या मे महिन्यांत फार्मन, गार्डिनर व शँकलिन या तिघांनीं त्या वह्यांच्या आधारें दाखवून दिलें कीं, दक्षिण ध्रुवावरील वसंतऋतूंत ओझोनचा थर झपाट्यानें विरळ होत आहे. दोन वर्षांनीं, १९८७ सालीं, माँट्रियलचा करार झाला आणि ओझोनचा नाश करणाऱ्या रसायनांस जगभर आळा बसूं लागला. सानगडीच्या शेतांत रोवणीसाठीं वांकलेल्या बाईच्या पाठीवर पडणारें ऊन आणि हॅलीच्या वहींतील आंकडा यांचा असा प्रत्यक्ष संबंध आहे. तीच गोष्ट बर्फाच्या स्तंभांची. अंटार्क्टिकाच्या पठारावर खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फांत जुन्या हवेचे बुडबुडे कोंडलेले असतात; त्यांवरून सुमारें आठ लक्ष वर्षांच्या हवेचा इतिहास वाचतां आला आहे. पृथ्वी किती तापत आहे व कां तापत आहे, या वादांत आज जो पुरावा सर्वांत वजनदार मानला जातो, तो अशा मुकाट्यानें केलेल्या रोजकामांतून आला आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं ६ डिसेंबर १९८१ रोजीं निघाली ती गोव्याहून, आणि ९ जानेवारी १९८२ रोजीं त्या खंडावर उतरली. 'दक्षिण गंगोत्री' हें पहिलें ठाणें १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेंत उभें राहिलें. तें तरत्या हिमस्तरावर होतें, आणि कांहीं वर्षांतच बर्फाखालीं गाडलें गेल्यामुळें सोडून द्यावें लागलें. त्यानंतर शिर्माखर टेकड्यांतील उघड्या खडकावर 'मैत्री' व २०१२ मध्यें लार्समन टेकड्यांवर 'भारती' हीं ठाणीं झालीं. या सर्व कामाची राष्ट्रीय संस्था गोव्यांत वास्को येथें आहे. म्हणजे भारताचा ध्रुवाकडे जाण्याचा दरवाजा गेलीं चाळीसांहून अधिक वर्षें मराठी-कोंकणी मुलुखाच्या अंगणांत उघडा आहे.

त्या तिसऱ्या मोहिमेंत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया अंटार्क्टिकावर गेल्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत यांचा जन्म १९४३ सालीं नागपुरास मराठी घराण्यांत झाला. पुण्यास पदवी, हवाई विद्यापीठांत पुढील शिक्षण, लंडनला समुद्रांतील शैवालांच्या शरीरक्रियेवर प्रबंध, आणि नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत संशोधन, असा त्यांचा मार्ग आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. समुद्रशास्त्र हा व्यवसाय करावा असें त्यांच्या मनानें घेतलें तें एका पुस्तकामुळें. तें पुस्तक म्हणजे ॲलिस्टर हार्डी यांचें 'दि ओपन सी'.

हार्डी हे १९२५ ते १९२७ या काळांत 'डिस्कव्हरी' जहाजावर प्राणिशास्त्रज्ञ म्हणून दक्षिण महासागरांत काम करून आलेले गृहस्थ. समुद्रांत तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची अखंड नोंद घेणारें यंत्र त्यांनींच बनविलें. जाळें कसें टाकतात, तें वर आल्यावर बरणींत काय दिसतें, तो जीव काय खातो व त्यास कोण खातें, हें त्यांनीं आपल्या पुस्तकांत सामान्य वाचकासाठीं लिहिलें आणि त्या जीवांचीं चित्रें स्वतः रंगविलीं. दक्षिण समुद्रावर जाळें टाकणाऱ्या एका माणसानें आपलें काम साध्या गद्यांत लिहिलें. तें नागपुरांत जन्मलेल्या एका मुलीच्या हातीं पडलें. आणि ती मुलगी स्वतः दक्षिण समुद्रावर गेली. वाङ्मयानें माणूस घडतो असें आम्ही व्याख्यानांतून वारंवार म्हणतों. त्याचें याहून सरळ उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. परंतु ज्या पुस्तकानें तिला घडविलें तें इंग्रजी होतें. इंग्रजी ज्यांच्या घरांत नाहीं अशा मुलींसाठीं ही सांखळी पहिल्याच कडीस तुटते.

सुदीप्ता सेनगुप्ता यांनीं परत आल्यावर 'आंटार्क्टिका' हें पुस्तक आपल्या बंगाली भाषेंत लिहिलें आणि बंगाली वाचकांनीं तें उचलून धरलें. मराठींत ध्रुवांविषयीं माहितीचीं पुस्तकें झालीं, मासिकांतून लेख आले. 'सृष्टिज्ञान' मासिक तर १९२८ पासून शास्त्र मराठींत आणण्याची खटपट करीत आलें आहे. परंतु तेथें काम केलेल्या माणसानें स्वतःच्या कामाविषयीं लिहिलेलें आणि मराठी घरांत वाङ्मय म्हणून रुजलेलें पुस्तक दाखवा म्हटलें तर हात रिकामा राहतो.

याचें कारण संशोधकांचा आळस नव्हे. त्यांचे अहवाल इंग्रजींत लिहिले जातात आणि तसे ते लिहिले जावेतहि, कारण ते जगभरच्या सहकाऱ्यांसाठीं असतात. कारण आमच्या मागणींत आहे. परत आलेल्या संशोधकास आमचीं नियतकालिकें काय विचारतात? थंडी किती होती, जेवण काय होतें, घरची आठवण येत होती काय, तिरंगा फडकतांना काय वाटलें. जाळ्यांत काय आलें, कोणतें अनुमान चुकलें, कोणतें उपकरण बंद पडल्यामुळें कोणता महिना वायां गेला, हें कोणी विचारीत नाहीं. जें विचारलें जात नाहीं तें लिहिलें जात नाहीं, आणि जें लिहिलें जात नाहीं त्याचें गद्य घडत नाहीं.

असें गद्य मराठीच्या प्रकृतीस मानवणारें नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापून आला. त्यांत १८५७ च्या धामधुमींत सांपडलेला एक भिक्षुक आपण काय पाहिलें, काय खाल्लें, किती रुपये कसे लपविले, हें सांगतो, आणि त्या बारीक हिशेबामुळेंच तो इतिहासकारांसहि उपयोगी पडतो. अलीकडचें उदाहरण तर सानगडीच्या शेजारचेंच आहे. मारुती चितमपल्ली यांनीं वनाधिकारी म्हणून नवेगावबांध येथें दीर्घ काळ काम केलें. हा तलाव आज गोंदिया जिल्ह्यांत मोडतो. १९९९ पर्यंत तो भंडाऱ्यांत होता. माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या माणसांच्या संगतींत त्यांनीं पक्षी पाहिले, त्यांचीं स्थानिक नांवें टिपलीं, घरटीं व वेळा नोंदविल्या. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'चकवाचांदण' हीं त्यांचीं पुस्तकें त्या वह्यांतून आलीं आहेत. २०२५ च्या जूनमध्यें ते निवर्तले, तेव्हां महाराष्ट्रानें एका ललितलेखकास निरोप दिला. आमच्या मतें ते प्रथम नोंद ठेवणारे होते, आणि लालित्य त्या नोंदींच्या आश्रयानें आलें. जेथें त्यांच्या लेखनांत दंतकथा नोंदीवर मात करते, तेथें तें गोड होतें पण सैल पडतें. जेथें वेळ, जागा व पक्षी हीं तिन्ही नेमकीं आहेत, तेथें त्यास तोड नाहीं.

याच तलावांच्या मुलुखांत नोंदीची आणखी जुनी परंपरा आहे. भंडाऱ्याचे तलाव कोहळी लोकांनीं बांधले. उतार कोणीकडे, पाळ किती उंच, सांडवा कोठें ठेवावा, किती पावसानें तलाव भरेल, हें सारें त्यांनीं प्रत्यक्ष पाहून व पुन्हांपुन्हां आजमावून ठरविलें. तें ज्ञान कागदावर उतरलें नाहीं, एवढाच काय तो फरक. तेव्हां जागेवर बसून पाहणें व मोजणें ही वृत्ति परकी नाहीं. आणि ध्रुवप्रदेश तरी परका कोठें आहे? सैबेरियाच्या उत्तरेस ध्रुवालगतच्या उजाड रानांत उन्हाळ्यांत अंडीं घालणारा छोटा टिलवा हिवाळ्यांत आमच्या देशांतील तलावांच्या चिखलांत चरतो. त्याचें वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. तेवढा जीव दरवर्षीं ध्रुवापासून आमच्या गांवशिवारापर्यंत ये-जा करतो. त्या पक्ष्याची वाट बर्फाच्या बाजूनें कोणी लिहिली आहे काय, असें मराठी वाचकानें विचारावयास हवें.

हें गद्य कसें असावें याविषयीं तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली गोष्ट शब्दांची. बर्फाच्या अवस्थांसाठीं मराठींत हिम, दंव, गारा, बर्फ असे थोडेच शब्द घरचे आहेत. हिमनदी, हिमनग हे शब्द भूगोलाच्या पुस्तकांनीं रुजविले. समुद्रावर नुकताच धरूं लागलेला पातळ बर्फ, वाऱ्यानें उठलेल्या बर्फाच्या कठीण वळ्या, भेगेवर झांकण घातल्यासारखा साचलेला फसवा बर्फ, यांचीं नांवें कोशकारानें टेबलाशीं बसून घडविलीं तर तीं टेबलावरच राहतील. ज्याचा पाय त्या भेगेंत गेला आहे त्यानेंच तीं घडवावींत. तो कदाचित् शेतांतला किंवा समुद्रावरचा शब्द उचलील, आणि तो टिकेल.

दुसरी गोष्ट अपयशाची. संशोधनाच्या वाङ्मयांतून चुकलेलीं अनुमानें वगळलीं तर उरतो तो निव्वळ जयघोष. चेरी-गॅरार्ड यांचीं तीन अंडीं आजवर वाचकांच्या स्मरणांत राहिलीं, याचें कारण त्यांतून कांहीं निघालें नाहीं हें लेखकांनीं व नंतरच्या शास्त्रज्ञांनीं उघड सांगितलें. मराठी लेखनांत मोठ्या माणसाचें अपयश सांगणें म्हणजे त्याची निंदा, असा समज आहे. तो समज शास्त्राच्या दारांतून आंत येऊं देतां कामा नये.

तिसरी गोष्ट हातांची. ध्रुवावरील ठाणें केवळ शास्त्रज्ञांवर चालत नाहीं. तेथें स्वयंपाकी असतो, वीजयंत्र सांभाळणारा असतो, वाहनें दुरुस्त करणारा असतो, वैद्य असतो. भारताचीं ठाणीं उभारण्यांत सैन्यांतील माणसांनीं घाम गाळला आहे. वीजयंत्र बंद पडलें तर संशोधन तर राहोच, माणूसहि उरत नाहीं. वीरकथेस एकच नायक लागतो म्हणून ही माणसें तींत मावत नाहींत. रोजकामांत मात्र तीं आपोआप येतात, कारण दिवस कसा गेला हें सांगतांना चूल कोणी पेटविली हें सांगावेंच लागतें.

या तिन्ही गोष्टी साधल्या म्हणजे उत्तम वाङ्मय निर्माण होईलच असें नाहीं. प्रतिभेचा भाग निराळा आहे आणि ती मागून मिळत नाहीं. परंतु प्रतिभा ज्या जमिनींत उगवते ती जमीन तरी तयार असली पाहिजे. ज्या भाषेंत ज्ञान केवळ बातमी होऊन येतें, त्या भाषेचा वाचक कायमचा प्रेक्षक राहतो. दुसऱ्यांनीं काय शोधलें हें त्यास कळतें. शोधतात कसें, हें कळत नाहीं, आणि म्हणून आपणहि शोधूं शकूं असें त्यास वाटत नाहीं. आमच्या लहान गांवांतील मुलामुलींच्या बाबतींत हें नुकसान मोजतां येण्यासारखें नाहीं, म्हणून तें झालें नाहीं असें समजूं नये.

गोव्याच्या दरवाजांतून जे मराठी भाषक या मोहिमांवर जातात, ते शास्त्रज्ञ असोत, वैद्य असोत कीं यंत्रावर काम करणारे असोत, त्यांस आमची विनंती इतकीच आहे कीं, अहवालाच्या वहीशेजारीं एक मराठी वही ठेवावी. तींत सुंदर लिहूं नये. खरें लिहावें, तारीख घालावी, चूक झाली तर खोडूं नये. आणि संपादकांस विनंती अशी कीं, ते परत आल्यावर त्यांची मुलाखत घेण्याआधीं ती वही मागावी.